एक घर पुढे

पहिल्या आठवड्याचे सगळे फोटो राखेचे निघाले.
कोकिम्बोच्या ऑफिसनं एका ओळीत कळवलं:
जाळी दिसत नाही, धुकं मळकट, पुन्हा काढा.

खरंच होतं.
समुद्रावरून पहाटे चढून येतं ते इथलं धुकं, कामान्चाका,
निवडुंगाच्या काट्याकाट्याला थेंब टांगत,
नुकत्याच विरजलेल्या दुधाचा रंग त्याचा.
माझ्या पडद्यावर मात्र
भांडी घासून उरलेलं पाणी.

दोष मीटरचा. बिचारं
जन्मापासून एकच रंग शिकलंय, करडा.
बर्फ दाखवा, चुना दाखवा, नवरीचा झगा दाखवा,
सगळ्याला त्याच मापानं मोजणार,
आणि एवढा उजेड कसा, म्हणून
घाबरून दार लवकर लावून घेणार.
मी चाक फिरवलं, एक घर पुढे.
मग आणखी तिसरा हिस्सा.
आलेखाचा डोंगर उजवीकडे सरकत गेला,
भिंतीला टेकायच्या आत त्याला थांबवलं.
पांढरं पांढरं झालं.

आणि तेवढंच झालं.
कोरा कागद, त्यावर सतरा खांब,
कुणाची वाट बघतायत ते कळू नये असे.

एदुविना पन्हळीखालची बादली बदलत होती.
मेलेल्या नवऱ्याची टोपी, कानापर्यंत ओढलेली.
पडद्याला नाक लावून तिनं बघितलं.
"छान आहे. पण यात राहतं कोण?"

मी काही बोलले नाही.

"तू फार लांबचं बघतेस, पोरी.
धुक्यात लांबचं काही नसतं.
वाट चुकली की आम्ही काय करतो?
हाताशी येईल तो निवडुंग धरतो.
तो धरला की दुसरा दिसतो,
दुसऱ्यापाशी गेलं की तिसऱ्याचा संशय येतो.
संशय आला म्हणजे घर आलं."

मी सात पावलं मागे गेले, दोन डावीकडे.
निवडुंग घेतला, अगदी जवळ, काळा,
चौकटीच्या मध्यावर नाही, कडेला, दाराशी उभ्या पाहुण्यासारखा.
त्याच्यामागे पहिली जाळी, करडी.
तिच्यामागे दुसरी, श्वासाएवढी.
तिसरीचा संशय.
उजवीकडचं सगळं रिकामं राहू दिलं.

फोकस आपला आपण शोधेना,
काचेवरच्या माशीसारखी मोटर पुढे-मागे गुणगुणत राहिली.
बंद केली. हातानं काट्यांवर लावला.
लेन्सवर पुन्हा दहिवर. पुसली. पुन्हा.

मग कुठून तरी घंटी.

"सुर्दा," एदुविना म्हणाली, वळूनही न बघता.
"डाव्या शिंगाची. तिची घंटी चिरलेली आहे."
मला काहीच दिसत नव्हतं.
"ओढ्यात आहे."
बोटं गारठून झडपेच्या बटणाला चिकटलेली.
"दगडांवर चढतेय. थांब."
घंटी थांबली.
"मुततेय."
घंटी सुरू झाली.
"अजून नाही. अजून नाही.
निवडुंगाच्या पलीकडे. आता जाळी चाटायला मान वर करेल.
आता."

मी न बघताच दाबलं, म्हणजे
आधी ऐकलं, मग दाबलं, आणि बघितलं सगळ्यात शेवटी:
रिकाम्या ठेवलेल्या जागेत
अर्धी शेळी, बाकीची अर्धी अजून यायची आहे,
मान वर, जीभ दोऱ्यांना लागलेली,
तिथून खाली एक पांढरी रेघ
जी मीटरच्या मापानं दिसलीच नसती.

ऑफिस नंतर विचारेल
शेळी खोडून टाकता येईल का.
ते नंतर.

नऊला ऊन आलं. डोंगर पुन्हा तहानलेला,
खांब नुसते खांब.
लेन्सचा ओला रुमाल मी खिशात कोंबत होते,
तर एदुविनानं तो हातातून काढून घेतला,
आणि जाताजाता
बादलीवर पिळला.
तीन थेंब.
चौथ्यासाठी ती थांबली.